कॉम्प्युटरवर चढवलेली पुस्तकं

"मॅडम, यंदाचा माहितीरत्न पुरस्कार तुम्हाला जाहीर झालाय," असं पलीकडून कुणीतरी म्हणालं, तेव्हा मी "मला विमा काढायचा नाही" म्हणून फोन ठेवून दिला.

फोन पुन्हा वाजला. तोच माणूस. पुण्याच्या ज्ञानसेतू माहितीशास्त्र परिषदेचा कार्यवाह होता म्हणे. ग्रंथपालनात मोठं काम करणाऱ्याला परिषद दरवर्षी एक पुरस्कार देत असे, एवढं मलाही ठाऊक होतं.

"अर्ज कुणी केला?" मी विचारलं.

"अर्ज रीतसर आलाय, मॅडम."

"मी केलेला नाही."

"मॅडम, आनंदाची बातमी आहे," तो बिचारा दुखावल्या आवाजात म्हणाला. "समारंभही तुमच्याच कॉलेजात ठेवलाय. तुमच्या अध्यक्षांनी अगत्यानं बोलावलंय आम्हाला."

मी फोन ठेवला आणि भाजी चिरायला बसले. आमच्या धंद्यात पुरस्कार कसे मिळतात हे मला चांगलं माहीत होतं. अर्ज स्वतःच करायचा, त्यात स्वतःलाच 'अष्टपैलू' म्हणायचं, शिफारस साडूची आणायची, आणि नाव जाहीर झालं की "अहो, मला कल्पनाच नव्हती" म्हणायचं. मला खरोखरच कल्पना नव्हती. न मागता मिळालेल्या गोष्टीला मागून बिल येतं, असा माझा आजवरचा अनुभव.

आमच्या ह्यांना सांगितलं. ते बँकेतून निवृत्त झालेले, दिवसभर पेपर वाचायला मोकळे.

"अगं, देवानं प्रसाद दिला तरी तू आधी हुंगून बघशील," ते म्हणाले.

"कॉलेजात कुणी मला साधा चहा विचारत नाही. एकदम रत्न कसं झालं माझं?"

"उशिरा का होईना, दिसलं असेल कुणाला."

"त्यांना मला कॉलेजातून घालवायचंय," मी म्हणाले. "हार घालून घालवायचंय."

माझी चार वर्षं नोकरी उरली होती. कॉलेज सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठाला. ग्रंथालयात ग्रंथपाल मी, म्हणजे मगदूम बाई, आणि हाताखाली रोहिणी ऐनापुरे नावाची तरुण सहायक. नोकरी गेली तर पोटाची काळजी नव्हती. काळजी होती ती माडीवरच्या खोली नंबर दोनची. गावात कधीकाळी चाललेल्या साप्ताहिकाचे बांधीव अंक, संस्थानी काळातले अहवाल, शाहिरांच्या पोवाड्यांची हाती लिहिलेली बाडं असलं सगळं त्या खोलीत होतं. दुसरीकडे कुठेही न मिळणारं. आणि मी गेल्यावर त्या खोलीचं काय होईल, या विचारानं मला आधीपासूनच धडकी भरत असे.

दुसऱ्या दिवशी कॉलेजात पाय ठेवला तर प्राचार्य कुरणे सर फाटकातच उभे. हा माणूस माझ्याकडे बघून हसला, तिथेच मी सावध झाले.

"अभिनंदन, बाई! कॉलेजचं नाव काढलंत. त्या दिवशी चांगली पैठणी नेसा बरं का."

"सर, अर्ज कुणी पाठवला?"

"ते सोडा हो. काम एवढं मोठं केलंत. आता जुनं ते गेलं तरी काही बिघडत नाही. कशाला अडकून पडता त्या कपाटांत? मोकळ्या व्हा की!"

जुनं म्हणजे कोण आणि मोकळं कुणी व्हायचं, हे सांगायला मला ज्योतिषी नको होता.

ग्रंथालयात रोहिणी माझ्याआधी आली होती. टेबलावर माझ्यासाठी गुलाबाचं फूल. मी ते उचलून बाजूला ठेवलं.

"रोहिणी, पुरस्काराचा अर्ज कुणी केला, काही ठाऊक आहे?"

तिनं मान खाली घातली. "मला काय माहीत, बाई."

खोटं बोलत होती. तीन वर्षं मी तिच्या शेजारी बसून पुस्तकांच्या नोंदी केलेल्या. खोटं बोलताना ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळते हे मला पाठ होतं. माझ्या जागेवर दुसरं कोण येणार? तीच. हिशेब बसत चालला होता.

तीन-चार दिवसांनी खोली दोनमध्ये एक सुतार टेप घेऊन भिंती मोजताना सापडला.

"कुणी पाठवलं तुम्हाला?"

"अध्यक्षसाहेबांनी. कपाटं हलल्यावर हितं किती टेबलं बसत्यात बगाय सांगितलंय. पोरास्नी परीक्षेच्या अभ्यासाला हॉल करायचाय न्हवं, गार मशीन लावून."

"कपाटं कुठं हलणार?"

"ते मला काय ठावं? तुमाला इचारून केलंय म्हनत हुते."

मला विचारून! मी तरातरा खाली आले. रोहिणी काहीतरी विचारायला पुढे आली. "बाई, ते खोली दोनचं..."

"तुम्हाला ज्यांनी सांगितलंय त्यांनाच विचारा," मी म्हणाले. तिला मी कधी 'तुम्ही' म्हणत नसे. ती तिथेच थबकली. त्यानंतर तिनं मला काही विचारलं नाही आणि मीही तिच्याशी कामापुरतंसुद्धा बोलले नाही.

आता उरले होते संस्थेचे अध्यक्ष. भाऊसाहेब खराडे. सगळे त्यांना भाऊ म्हणत. ऊसवाले, चौथीपर्यंत शिकलेले, डोक्याला कायम पटका. भाऊंवर संशय घेणं मला जड जात होतं, त्याला कारण होतं.

मोठा पूर आला त्या साली सगळं ग्रंथालय तळमजल्यावरच होतं. पाणी कमरेला लागलं तेव्हा कुरणे सर घरी सामान हलवत होते. भाऊ आले होते. खांद्यावरच्या टॉवेलची चुंबळ करून त्यांनी डोक्यावर ठेवली आणि म्हणाले, "द्या बाई, चढवा." त्या दिवशी आम्ही गठ्ठे देत राहिलो आणि ते आणि त्यांचे गडी माडीवर नेत राहिले. सगळं काही वाचलं नाही. पण खोली दोनमध्ये जे होतं ते भाऊंच्या डोक्यावरून आलेलं होतं. शेवटी त्यांच्या आज्याचं, तुका शाहिराचं, पोवाड्यांचं बाड राहिलं. ते त्यांनी गठ्ठ्यात दिलं नाही. पटका सोडला, बाड डोक्याला लावलं, वरून पटका बांधला आणि तोवर गळ्याला लागलेल्या पाण्यातून जिन्यापर्यंत पोहत गेले.

असा माणूस मला हुसकून लावील? पण माणूस बदलतो. मागच्या वार्षिक सभेतला एक प्रसंग मला आठवला. आमचं कॉम्प्युटरचं काम तेव्हा नुकतंच संपलं होतं. मी अहवाल वाचला: "ग्रंथालयातील सर्व पुस्तके संगणकावर चढवण्याचे काम पूर्ण झाले."

"सगळी?" भाऊंनी मध्येच विचारलं.

"एकूण एक, भाऊ."

"आज्याचं बाड बी चढलं?"

"ते तर पहिल्यांदा चढवलं."

भाऊंनी पटक्याच्या सोग्यानं डोळे पुसले. तेव्हा मला वाटलं होतं, वय झालं. आता वाटलं, काम संपल्याबरोबर मी नकोशी झाले आणि म्हाताऱ्याला त्याचंच वाईट वाटलं असावं.

मी सरळ त्यांच्या वाड्यावरच्या ऑफिसात गेले. "भाऊ, मला स्पष्ट सांगा. खोली दोनचं काय चाललंय?"

"बसा की. च्या घ्या." ते खुशीत होते. "पुरापासनं मला झोप न्हाई, बाई. पाऊस लागला की उठून बसतोय. तुमी एवढं करून ठिवलं, आता मला निवांत झोप लागतीया. तुमीबी निवांत व्हा. धुळीत हात घालायची पाळी संपली तुमची."

"म्हणजे माझं काम संपलं?"

"संपलं की! फत्ते झालं. म्हनून तर सत्कार."

मी चहा न पिता उठले. एवढं तोंडावर बोलतील असं वाटलं नव्हतं. घरी आल्यावर मी रडले. ह्यांनी पेपर बाजूला ठेवला आणि प्रथमच थट्टा केली नाही. समारंभाआधीचे दिवस मी रजा टाकून घरीच बसले. म्हटलं, मला निरोप द्यायची तयारी माझ्या डोळ्यांदेखत कशाला?

समारंभाला मी पैठणी नेसले नाही. नेहमीचीच इरकल नेसले. स्टेजवर गेल्यावर आधी मला शाल पांघरवली, भाऊंना पटक्यावरच केशरी फेटा बांधला. पुण्याचे पाहुणे बसले होते. एका टेबलावर हार घातलेला कॉम्प्युटर मांडला होता, भोवती रांगोळी. खाली पहिल्या रांगेत आमचे हे, आणि कडेला रोहिणी. तिचे डोळे सुजलेले दिसले. मी बघून न बघितल्यासारखं केलं.

परिषदेच्या अध्यक्षांनी मानपत्र वाचलं. त्यांनी आमचं ग्रंथालय कधी बघितलं नव्हतं, पण भाषा झोकदार होती. "...ज्यांनी महापुराच्या आव्हानाला उत्तर म्हणून आपल्या ग्रंथालयातील समग्र ज्ञानभांडार, पानन् पान, संगणकाच्या उदरात चिरंतन सुरक्षित केले..."

मी चमकले. पानन् पान? मानपत्र लिहिणाऱ्याचा फुलोरा असेल, म्हणून मी गप्प बसले.

मग भाऊ उठले. त्यांना माईक लागत नसे.

"मी शिकलेला न्हाई. पर पुस्तकाची किंमत मला हाय. पानी आलं तवा मी ह्या डोक्यावनं पुस्तकं न्हेली. निम्मी न्हेली, निम्मी गेली. तवा मी बाईस्नी म्हनलं, फुडच्या खेपंला काय करायचं? बाईंनी तोंडानं उत्तर दिलं न्हाई. तीन वरसं खाली मान घालून बसल्या आनि सगळी पुस्तकं ह्या पेटीत चढवली. आता येऊं दे किती पानी येतंय ते!"

टाळ्या पडल्या. माझ्या अंगावर काटा आला, पण टाळ्यांनी नाही.

"आता ती कागदं ऱ्हायली काय, गेली काय, सारखंच," भाऊ पुढे म्हणाले. "कसर लागल्याली. म्हनून खोली मोकळी केली, पोरास्नी हॉल द्यायचा. बाईंचं नाव देनार हाय हॉलला. रद्दीची गाडी आत्ताच मागल्या दारी लागलीया. आनि आता बाई ह्या पेटीतनं माझ्या आज्याचं बाड उघडून समद्यास्नी दावतील."

कुणी मला घालवत नव्हतं. ते पुस्तकं घालवत होते. मनापासून, माझ्यावर विश्वास ठेवून, माझ्याच शब्दावर.

आम्ही ग्रंथपाल सगळे तसंच बोलतो. कॉम्प्युटरवर पुस्तक चढवलं म्हणजे त्याची नोंद केली. नाव, लेखक, पानं किती, कुठल्या कपाटात. पुस्तक आपलं असतं तिथेच असतं. हे कुणाला सांगायला लागतं असं आमच्यापैकी कुणाच्या कधी मनातही आलं नव्हतं. आणि भाऊंच्या लेखी चढवणं म्हणजे पुरात डोक्यावर चढवलं ते. सगळंच्या सगळं.

मी कॉम्प्युटरपाशी गेले. कुरणे सर बटण दाबायला म्हणून शेजारी आले. मी नाव टाकलं आणि पडद्यावर नोंद आली.

भाऊ वाकून बघायला लागले. "वाचा की, बाई. मोठ्यानं."

"तुका शाहीर. पोवाड्यांचं बाड. हस्तलिखित. मोडी आणि बाळबोध. खोली दोन, कपाट नऊ."

"हां. फुडं?"

"पुढं काही नाही, भाऊ."

"न्हाई कसं? आवो, पोवाडं वाचा."

कुरणे सरांचा चेहरा उतरला. एवढा वेळ कळलं नव्हतं ते त्यांना तेव्हा कळलं. ते माझ्या कानाशी लागून म्हणाले, "बाई, मशीन बिघडलं म्हणा. पाहुणे जाऊ देत. नंतर बघू. कॉलेजच्या अब्रूचा प्रश्न आहे."

मागून गाडी सुरू झाल्याचा आवाज आला.

पुरस्काराचं सन्मानचिन्ह पाहुण्यांच्या हातात तयार होतं. फोटोवाला सरसावून उभा होता. नंतर बघायला काही उरणार नव्हतं.

मी माईक ओढला. "या कॉम्प्युटरमध्ये एकही पुस्तक नाही!" माझा आवाज मलाच परका वाटला. "नुसती नावं आहेत. नावं आणि पत्ते. पुस्तकं त्या गाडीत आहेत. भाऊ, तुमच्या आज्याचे पोवाडे त्या गाडीत आहेत. ती थांबवा!"

पाहुण्यांनी मानपत्राकडे बघितलं, मग माझ्याकडे. भाऊ मात्र पडद्याकडेच बघत होते.

"नुसती नावं?"

"हो, भाऊ."

"तीन वरसं नावंच लिवली?"

"हो."

भाऊ वळले. धोतराचा सोगा हातात धरून, स्टेजच्या पायऱ्यांवर न जाता, तिथूनच खाली उडी मारून धावत सुटले. सत्तरीचा माणूस. त्यांच्यामागे मी, माझ्यामागे आमचे हे, आणि सगळ्यांच्या पुढे, केव्हा निघाली कळलंच नाही, रोहिणी.

गाडी फाटकातून अर्धी बाहेर गेलेली. रोहिणी तिच्या समोर दोन्ही हात पसरून उभी राहिली होती आणि ड्रायव्हर तिला शिव्या घालत होता. भाऊ पोचले तसा तो गप्प झाला.

"माघारी घे," भाऊ म्हणाले.

गाडी ग्रंथालयाच्या दाराशी आली. मागचा फाळका उघडला. आत नुसती पोती, सुतळीनं तोंडं शिवलेली, एकावर एक. भाऊ त्या ढिगाकडे बघून मटकन खाली बसले.

"ह्यात कुठं हुडकायचं आता?" ते म्हणाले. "आज्याचं बाड ग्येलं, बाई."

"कपाट नऊ," रोहिणी धापा टाकत म्हणाली.

"काय?"

"पोत्यांवर खडूनं नंबर घातलेत मी. कपाटाचे. उद्या लावताना गोंधळ नको म्हणून." तिनं माझ्याकडे बघितलं. "मला वाटलं, हॉल होईतोवर गोदामात ठेवणार आहेत. बाई, मी तुम्हाला विचारायला आले होते."

आली होती. मी तिला 'तुम्ही' म्हणून वाटेला लावलं होतं.

"अर्ज पण मीच केला," ती रडायलाच लागली. "तुमचं काम कुणाला दिसत नाही म्हणून केला. चढवली असंच लिहिलं होतं मी. पानन् पान मी नाही लिहिलं, बाई."

मी तिला जवळ घेतलं. शाल तिच्या नाकाला लागली आणि ती शिंकली. आमचे हे मागून म्हणाले, "चला, एक तरी संशय फिटला," आणि मला भर गर्दीत हसू आलं.

नऊ नंबरची पोती तळाशी निघाली. भाऊंनी दातांनी सुतळी तोडली. बाड सापडलं तेव्हा त्यांनी ते उघडलं नाही, नुसतं कपाळाला लावलं. तोवर सभागृहातली माणसं बाहेर येऊन गोल करून उभी राहिली होती. परिषदेचे अध्यक्ष सन्मानचिन्ह घेऊनच आले होते. ते कुणाला द्यावं की पिशवीत घालावं, हे त्यांना समजत नव्हतं.

"मॅडम, तांत्रिकदृष्ट्या आता..." ते चाचरले.

"परत न्या," मी म्हणाले. "ज्यानं खरंच पुस्तकं पेटीत घातलीत, त्याला द्या."

कुरणे सर हमालांना हाका मारत होते. हमाल समारंभाच्या जेवणाला बसले होते.

भाऊंनी माडीकडे जाणाऱ्या जिन्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. "बाई, एक सांगा. म्हंजे पूर आला तर अजून तसंच? काय इलाज न्हाई?"

खोटं सांगायची ती वेळ नव्हती. "तसंच, भाऊ. पण नावं लिहिल्यामुळे कुठलं कुठं आहे ते तरी कळेल. कुठलं आधी उचलायचं ते कळेल."

"आनि उचलायचं कशानं?"

"डोक्यानंच."

भाऊंनी वरचा केशरी फेटा सोडला, त्याचा पीळ घातला, गोल वेटोळं करून चुंबळ केली आणि डोक्यावर ठेवली.

"द्या," ते म्हणाले. "चढवा."

आमच्या ह्यांनी आणि रोहिणीनं मिळून एक पोतं त्यांच्या डोक्यावर दिलं. ते जिन्याकडे निघाले.

मी दुसऱ्या पोत्याला हात घातला. माझ्या खांद्यावर परिषदेची शाल अजून तशीच होती, चांगली लोकरीची. मी ती काढली आणि तिची चुंबळ केली.